रोल धुता धुता

म्हापशाला आमची कलर लॅब होती. नवरा लग्नाच्या ऑर्डरी घेऊन गावोगाव फिरायचा, मशीनवर मी बसायचे. रोल धुवून आत गेला की चार बाय सहाचे प्रिंट एकामागून एक ट्रेमध्ये पडायचे. रंग बघायचा, कापायचे, कव्हरात घालून वर नाव लिहायचं. बघितल्याशिवाय काम होतच नसे. त्यामुळे कळंगुट-हणजूणला कोण काय बघायला येतं, हे पर्यटन खात्याच्या आधी आम्हाला कळायचं.

सांगली-कोल्हापूरकडच्या भावांनो, रागावू नका, पण तुमचे रोल मी धुतलेत. रोलमधल्या छत्तीस फोटोंतले पहिले तीन-चार मंगेशीचे आणि शांतादुर्गेच्या दीपस्तंभापाशी हात जोडून. उरलेले वाळूवर पालथ्या पडलेल्या गोऱ्या बायकांचे, लांबून, हललेले. कव्हर न्यायला आले की काउंटरवर बाई बघून विचारायचे, “भाऊ नाहीत का?” परदेशी पाहुणे तेवढे लाजत नसत. त्यांच्या रोलमध्ये आमच्या बायका असायच्या. विहिरीवर धुणं धुताना, ओली साडी अंगाला चिकटलेली, पदर कुठे याचं भान नाही. दोघांनीही त्या त्या बाईला विचारलेलं नसायचं.

असाच एक प्रिंट मी सासूबाईंना दाखवला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, “हांव हिका वळखतां. हिका खबर आसा?” म्हणजे, हिला मी ओळखते, फोटो काढलाय हे हिला माहीत आहे का?

सासूबाई कुठल्या संघटनेत नव्हत्या, मोर्चा त्यांनी कधी पाहिलाही नसेल. पण गोव्यातल्या बायकांच्या चळवळीला हाच प्रश्न विचारायचा होता असं मला आज वाटतं. १९८६ साली ‘बायलांचो साद’ ही बायकांची संघटना सुरू झाली. सबिना मार्टिन्स, आल्बर्टिना आल्मेदा ही नावं तेव्हापासून पेपरात दिसू लागली. हुंडा, मारहाण, बलात्कार या विषयांबरोबर गोव्याच्या जाहिरातीत बाई कशी दाखवतात यावरही त्या भांडत होत्या. समुद्र, दारू आणि बाई, तिन्ही एकाच पॅकेजात विकायचं नाही, हे त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी संसदेत स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी करणारा कायदा झाला, २ ऑक्टोबर १९८७ पासून लागू. मुंबई-दिल्लीत बायकांनी पोस्टरांना काळं फासलं होतं, त्याचा काही परिणाम नक्कीच होता. पण कायदा हातात आला तो नीतिमत्तेची भाषा घेऊन. लोकांची मनं बिघडतात म्हणून बंदी. जिचा फोटो काढला तिचं काय, हे कुठेतरी मागेच राहिलं. आणि बाजारातल्या व्हिडिओ पार्लरचा रात्रीचा शो काही त्या कायद्याने बंद पडला नाही. तो केबल टीव्हीने पाडला.

मग एप्रिल १९९१. मडगावात ‘गुरुकुल’ नावाचं अनाथालय चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला अटक झाली. त्याच्याकडे मुलांचे २३०५ अश्लील फोटो सापडले, निगेटिव्हच्या पट्ट्या सापडल्या. मुलांबरोबर त्यात परदेशी पुरुषही होते. गावात लोक ‘शी शी’ म्हणत होते, आमच्या धंद्यात वेगळीच कुजबुज होती: हे एवढे रोल धुतले कुणी? घरी डार्करूम होती की कुणी धंदेवाल्याने डोळे मिटून प्रिंट काढले? जो तो दुसऱ्याच्या दुकानाकडे बघत होता. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे या खटल्याच्या पाठीशी लागल्या. १९९६ साली मडगावच्या सत्र न्यायालयाने पीट्सला जन्मठेप दिली, आणि तो तुरुंगातच मेला.

ती कुजबुज मला चांगलीच लागली होती, कारण त्याच सुमारास एक कव्हर पर्समध्ये घालून मी एका चौकीत गेले होते. किनाऱ्यावर माळा विकणाऱ्या पोरींपैकी एक त्यात होती. फोटो कसला ते लिहीत नाही. समोरच्या हवालदाराने प्रिंट पत्त्यांसारखे पिसून बघितले, शेजारच्याला दाखवले, आणि मला म्हणाला, “वहिनी, गिऱ्हाईकाचे फोटो असे बाहेर आणतात का? धंदा करायचाय ना?” कव्हर त्याने ठेवून घेतलं. पुढे काहीच झालं नाही.

म्हणून २००३ चा गोवा बाल कायदा आला तेव्हा मी तो शब्दन् शब्द वाचला. मुलांचे लैंगिक, अश्लील फोटो धुताना आढळले तर फोटो धुणाऱ्याने जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. हॉटेलवाल्याने नातेवाइकांशिवाय मुलाला खोलीत जाऊ द्यायचं नाही. सायबर कॅफेवाल्याने फिल्टर बसवायचा. आमच्यातले बरेच जण चिडले, “आम्ही काय पोलीस?” मला मात्र ते कलम फार आवडलं. किती कपडे म्हणजे अश्लील ही मोजपट्टी त्यात लहान मुलाच्या बाबतीत कुणाला लावत बसावी लागत नाही. तू बघितलंस ना, मग सांग. आणि मुख्य म्हणजे आता चौकीत गेलं तर “धंदा करायचाय ना?” या प्रश्नाला उत्तर होतं.

याच्या उलटं २०२० च्या नोव्हेंबरात पाहिलं. काणकोणच्या चापोली धरणावर मॉडेल पूनम पांडेने अंगप्रदर्शनाचा व्हिडिओ शूट केला आणि सगळा तालुका पेटला. पोलीस निलंबित झाले, बाईला अटक झाली. त्याच दिवसांत मॉडेल-नट मिलिंद सोमण किनाऱ्यावर नागडा धावला, त्याच्यावरही गुन्हा नोंदवला गेला, पण अटक-बिटक काही नाही. तिचा व्हिडिओ मला काही आवडला नव्हता. पण सज्ञान बाई, स्वतःच्या मर्जीने कॅमेऱ्यासमोर उभी, आणि अब्रू गेली कुणाची, तर धरणाची! एवढी माणसं त्या माळावाल्या पोरीसाठी चौकीत का जमली नाहीत, हे मी तेव्हा फेसबुकवर लिहिलं आणि आमच्याच नात्यातल्या दोघांनी मला ‘संस्कृती’ शिकवली.

डिजिटल आलं तशी लॅब बंद पडली. गंमत अशी की मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात, विसाव्या कलमात, तीच जबाबदारी साऱ्या देशातल्या स्टुडिओवाल्यांवर आणि फोटोवाल्यांवर टाकली गेली, तोवर लोक फोटो धुवायला द्यायचेच बंद झाले होते. आता रोल सगळ्यांच्या खिशात.

माझा भाचा त्याच गाळ्यात मोबाईल दुरुस्त करतो. डेटा काढून द्यायला आलेल्या फोनमध्ये त्याला काय काय दिसतं ते तो मला सांगत नाही, पण मागच्या चतुर्थीला जेवताना एकदम म्हणाला, “मामी, तुझ्यावेळी असं काही सापडलं तर काय करायचीस?” मी त्याला पोक्सोचं एकोणिसावं कलम काढून दाखवलं, त्यात धंद्याचं नावच नाही, ज्याला कळलं त्याने कळवायचं. वर असंही सांगितलं की चौकीत एकटा जाऊ नकोस, आणि दिलेल्या तक्रारीची प्रत घेतल्याशिवाय उठू नकोस. मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर त्याने आता काउंटरच्या आत, स्वतःला दिसेल असा चिकटवला आहे. गिऱ्हाइकांना तो रिचार्जचा वाटतो.