पद्मिनीचा ऑइलचा दिवा : इंजिन उतरवण्याआधी काय काय तपासलं

गाडी 1986 ची प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसी, पेट्रोल. मे महिना, सोलापुरात पारा 43 च्या वर. तुळजापूरचा घाट चढून गाडी वर पोचली आणि स्लोला (रेस न देता, नुसती चालू) उभी राहिली की ऑइलचा तांबडा दिवा मिणमिणायचा. जरा रेस दिली की विझायचा. सकाळी थंड इंजिनावर मात्र सेल्फ मारल्यावर सेकंदाभरात दिवा जायचा आणि परत दिसायचाही नाही.

हे लक्षण असंच्या असं टिपून ठेवावं, कारण निम्मा शोध त्यातच संपतो. थंड इंजिनावरही प्रेशर कमी असेल, तर संशय चेंबरमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) गाळणीवर, जास्तीचं प्रेशर सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हखाली अडकलेल्या कचऱ्यावर किंवा झिजलेल्या ऑइल पंपावर जातो. थंडपणी सगळं ठीक आणि तापल्यावरच प्रेशर पडत असेल, तर एक तर ऑइल पातळ झालंय किंवा बेरिंगमधली फट वाढली आहे. थंड ऑइल घट्ट असतं, रुंद फटीतूनही सावकाश निघतं, म्हणून प्रेशर टिकतं. तेच तापलं की भराभर निसटतं. स्लोला पंपही हळू फिरतो, त्यामुळे दिवा सगळ्यात आधी तिथेच दिसतो.

एका गॅरेजमध्ये बोनेट उघडायच्या आतच निकाल मिळाला : "मालक, बेरिंग गेलंय. इंजिन उतरवावं लागतंय." तसं असूही शकतं. पण बेरिंगचा निकाल प्रेशर मोजल्याशिवाय देता येत नाही, आणि प्रेशर गेज लावायला अर्धा तास पुरतो. हाफ इंजिनचा (इंजिन उघडून बेरिंग वगैरे बदलण्याचा) खर्च किती, ते सांगायला नको.

चालू गाडीत दिवा पेटून राहिला तर मात्र इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं. "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" म्हणायचं नाही. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि त्याला धरणारं बेरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो. तो तुटला की बेरिंगचा मऊ धातू पुसला जायला फार वेळ लागत नाही.

सुरुवात विजेपासून केली. दिव्याचा स्विच ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य अंगावर) बसतो आणि त्याला एकच वायर असते. अर्थ त्याला आट्यांमधून, ब्लॉककडूनच मिळतो. प्रेशर नसताना आतला संपर्क जुळलेला असतो म्हणून दिवा पेटतो, प्रेशर आलं की संपर्क तुटतो. चावी ऑन ठेवून वायर काढली, दिवा विझला. म्हणजे वायर वाटेत कुठे बॉडीला लागत नव्हती. तीच वायर ब्लॉकला टेकवली, दिवा पेटला. म्हणजे बल्ब आणि फ्यूज ठीक.

स्विच बाकावर तपासला. त्याला रबरी नळी बसवली, दुसऱ्या टोकाला काटा असलेला हातपंप, वायरीच्या जागी टेस्टर लाइट. हवा भरत गेलो तसा साधारण 6 पीएसआयला (पीएसआय म्हणजे प्रेशर मोजायचं एकक) लाइट विझला. असे स्विच बहुतेक 4 ते 9 पीएसआयच्या दरम्यान बदलतात, तेव्हा हा निर्दोष होता. बाजारातले काही नवे स्विच 15 लाही बदलत नाहीत. मग गाडी धडधाकट असूनही दिवा पेटतो आणि मालक घाबरतो. त्यामुळे नवा स्विचसुद्धा लावण्याआधी असाच तपासावा.

आता गेज. इथे सगळ्यात जास्त नुकसान आट्यांमुळे होतं. 1/8 बीएसपी, 1/8 एनपीटी आणि एम10 बाय 1 या आट्यांच्या वेगवेगळ्या मापपद्धती, पण हे तिन्ही आटे जवळपास 10 मिमीचेच. पण बीएसपीला इंचात 28 आटे, एनपीटीला 27, आणि एम10 बाय 1 ला 25 च्या थोडे वर. चुकीचं अडॅप्टरही दोन-तीन फेरे गुपचूप जातं, मग अडतं. तिथे पाना लावला की ब्लॉकचे आटे उखडलेच. गाडीचा जुना स्विच खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जावं, आटा आट्याला भिडवून उजेडात धरावा, मधे उजेड दिसता कामा नये. आपल्या गाडीला पूर्वी कुणी काय बसवलंय याचा भरवसा नसतो, म्हणून यादीवरून ऑर्डर देऊ नये. टेफ्लॉन टेप फार गुंडाळू नये. अर्थ तुटला तर दिवा कधीच पेटणार नाही, आणि तो धोका पेटणाऱ्या दिव्यापेक्षा मोठा.

साधा यांत्रिक गेज लावून आकडे घेतले. थंड, स्लोला : 45 पीएसआय. तीस-पस्तीस किलोमीटर चालवून पूर्ण तापल्यावर, स्लोला : 5 ते 6. तापलेल्याच इंजिनाला 2000 आरपीएमला (मिनिटाला 2000 फेरे) : 20. दर हजार आरपीएमला 10 पीएसआय हा जुना ठोकताळा धरला, तर 20 म्हणजे अगदी काठावर आणि स्लोचे 5 फारच कमी. दिवा खरं बोलत होता. पण बेरिंग झिजल्यावर जोर पडताना जो खोल ठोका येतो तो कुठेच नव्हता, आणि घट्ट ऑइलावर 45 येतात म्हणजे पंप आपलं काम करत होता.

मग उरलं ऑइल. डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहायची पट्टी) मी घाटावर पाहिली होती, पातळी वरच्या खुणेच्या जराशी वर, म्हणून तिकडे दुर्लक्ष केलं. चूक तिथेच झाली. ऑइल जास्त असणं ही चांगली खूण नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर सपाट जागी उभ्या असलेल्या गाडीची डिपस्टिक पुन्हा काढली. पातळी वरच्या खुणेच्या बोटभर वर, आणि पेट्रोलचा स्पष्ट वास. दोन बोटांत थेंब चोळला तर तो ऑइलासारखा चिकटत नव्हता, रॉकेलासारखा सरकत होता. टिपकागदावर थेंब टाकला, काळ्या ठिपक्याभोवती फिकट ओलं कडं पसरत गेलं. ही तपासणी सकाळीच करावी, कारण लांब धावलेल्या तापलेल्या इंजिनात बरंच पेट्रोल उडून जातं आणि वास लागत नाही. जवळपास काडी-विडी मुळीच नको.

चेंबरमध्ये पेट्रोल येतं कुठून? कार्बोरेटरची फ्लोट सुई (पेट्रोल अडवणारी) गळत असेल किंवा चोक अडकला असेल तर सिलिंडरमधून खाली उतरतं, पण मग गाडी काळा धूर सोडते आणि प्लग काजळतात. इथे प्लग फिकट तपकिरी होते. म्हणून ब्लॉकवरचा यांत्रिक पेट्रोल पंप उतरवला. इनलेटवर बोट दाबून लिव्हर हलवला की ओढ जाणवते, आणि ती काही सेकंद टिकली पाहिजे. इथे ती लगेच सुटत होती.

पंपाचे स्क्रू काढण्याआधी दोन्ही भागांवर आरपार खूण केली, म्हणजे नळ्यांची तोंडं जोडताना फिरत नाहीत. डायफ्रॅम (पंपातला पेट्रोल ओढणारा रबरी पडदा) उजेडात ताणून धरला तेव्हा मधल्या वॉशरच्या काठाला 4-5 मिमीची चीर दिसली. कापड शाबूत, रबर कडक होऊन तडकलेलं. हल्लीच्या पेट्रोलमधलं 20 टक्क्यांपर्यंतचं इथेनॉल या जुन्या रबराला मानवत नाही. पंपाच्या अंगाला खाली एक बारीक भोक असतं. डायफ्रॅम फाटला की पेट्रोल तिथून बाहेर ठिबकून मालकाला कळावं, यासाठीच ते ठेवलेलं आहे. माझ्या पंपाचं हे भोक रंग आणि ग्रीसच्या चिखलाने पक्कं बुजलं होतं. बाहेरची वाट बंद, म्हणून पेट्रोल सरळ चेंबरमध्ये. तुमच्या गाडीचं हे भोक आज तारेने मोकळं करा.

इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा किट बसवला. पंप आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग जुन्याच्या जाडीचंच घेतलं. जाड झालं तर लिव्हरची चाल कमी पडून पेट्रोल पुरत नाही, पातळ झालं तर डायफ्रॅम गरजेपेक्षा ताणला जाऊन लवकर फाटतो. पंप बसवताना इंजिन हाताने फिरवून कॅमची (लिव्हर ढकलणाऱ्या उंचवट्याची) उतरती बाजू लिव्हरकडे आणावी, म्हणजे पंप स्प्रिंगशी न झगडता बसतो.

सगळं ऑइल काढून फिल्टर बदलला, 20डब्ल्यू-50 घट्टपणाचं नवं ऑइल भरलं. इंजिन आतून धुणारा फ्लश मुद्दाम वापरला नाही, कारण वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटला तर गाळणीत जाऊन बसतो. दिवा घालवायला आणखी घट्ट ऑइल ओतण्याचा सल्ला मिळतो. त्याने दिवा विझला असता, पण पेट्रोल गळतच राहिलं असतं. चालू करण्याआधी, इंजिन पेटू नये म्हणून कॉइलची (स्पार्कची वीज देणारी) मधली वायर काढून अर्थला लावली आणि दिवा जाईपर्यंत दहा-दहा सेकंद सेल्फ फिरवला, मगच स्पार्क जोडला.

पुन्हा तोच रस्ता, तोच घाट, तसंच ऊन. तापल्यावर स्लोला 14 पीएसआय, 2000 ला 38. बेरिंग अगदी नवी नाहीत हे त्या 14 वरून कळतं, पण इंजिन उतरवण्याइतकी झिजलेलीही नाहीत. तुळजापूरला जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर झाल्यावर, रात्र जाऊ देऊन सकाळी डिपस्टिक पाहिली : पातळी जिथली तिथे, वास नाही.

गेज आता कायमचा ठेवलाय, स्विचही सोबत. मात्र टी-जोड (गेज आणि स्विच दोन्ही जोडणारा तिपेडी जोड) थेट ब्लॉकवर लटकवलेला नाही, कारण इंजिनाच्या थरथरीने पितळी आटा मुळात तुटतो आणि सगळं ऑइल रस्त्यावर जातं. ब्लॉकपासून प्रेशर सोसणारी लवचिक नळी घेतली, टी-जोड फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) क्लिपने बांधला आणि स्विचच्या अंगापासून ब्लॉकपर्यंत अर्थची वेगळी वायर ओढली.