आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर ओल कुठून येत होती, ते शोधताना

अमळनेरचं आमचं घर नानांनी बांधलं तेव्हा पश्चिमेचा प्लॉट रिकामा होता, म्हणून त्या बाजूला प्लास्टर केलंच नाही, विटा उघड्या ठेवून फक्त दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, भरून घेतल्या. आपल्याकडच्या कॉलन्यांमधे निम्म्या घरांचं असंच असतं, समोरून रंगबिंग झकास आणि बाजूची भिंत 'नंतर बघू'. तर त्या भिंतीवर डाग वाढत गेले. खाली कमरेएवढ्या उंचीपर्यंत पांढरा खार, खिडकीखाली पांढरट कडक ओघळ आणि वर स्लॅबच्या लेव्हलला एक काळपट हिरवा पट्टा.

इलाज सांगणारे भरपूर भेटले. रंगाच्या दुकानात सांगितलं वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात मारा, एका ठेकेदारानं व्हॉट्सॅपवर फोटो बघूनच सांगितलं की बुडाशी भोकं पाडून केमिकल भरावं लागेल, रनिंग फुटाचा रेटही लगेच पाठवला. भिंत बघायला मात्र कोणी आलं नाही. पाणी कुठून येतं हे माहीत नसताना वरून कोटिंग मारलं तर आतलं पाणी आतच कोंडतं आणि मग विटेचे पापुद्रे निघायला लागतात, म्हणून मी थांबलो. शेवटी नानांच्या ओळखीचे पारोळ्याकडचे एक म्हातारे मिस्तरी आले, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, हाई अख्खं पानी जमीननं नही शे." म्हणजे भिंत एक असली तरी पाणी वेगवेगळं, आणि प्रत्येक डाग वेगळा तपासायचा. सगळा शोध तिथून सुरू झाला.

पहिलं काम फुकटातलं, खडूनं प्रत्येक डागाच्या कडेनं रेघ मारायची आणि शेजारी तारीख टाकायची. वर्षभरात एवढं कळलं की वरचा पट्टा फक्त पावसाळ्यात ओला होतो, खिडकीखालचा भाग ऐन मे महिन्यात ओला असतो आणि खालचा पांढरा खार दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की उमलतो. नाना म्हणायचे पाऊस संपला मग आता ओल कुठली. पण खार फुटतो तो भिंत वाळताना. भिंत पावसाळ्यात पाणी पिते, त्या पाण्यात क्षार विरघळतात, नंतर आपली कोरडी हवा पाणी ओढून घेते आणि क्षार पृष्ठभागावर राहून जातात. म्हणजे हिवाळ्यातला पांढरा थर हा पावसाळ्यातल्या पाण्याचा हिशोब.

मग मे महिन्यातली ओल? जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला हे सांगायला नको, उन्हाळ्यात खिडकीला काय लटकलेलं असतं. कूलर. त्याचा फ्लोट व्हॉल्व्ह झिजलेला होता, टाकी भरली की पाणी मागून हळूहळू भिंतीवर उतरायचं, आणि पाणी बोअरचं, जड. पण नुसता अंदाज नको म्हणून एक सोपी परीक्षा केली. खालचा खार ओल्या बोटानं पुसला तर विरघळून गेला, खिडकीखालचा ओघळ पाण्यानं हललासुद्धा नाही, पण त्यावर लिंबू पिळलं तर फसफसला. म्हणजे तो कार्बोनेटचा थर, बादलीच्या बुडाला बसतो तोच. (हे करताना दर्जांवर लिंबू पिळू नका, सिमेंटही फसफसतं आणि उगाच गोंधळ होतो, विटेच्या मधोमध बघायचं.) व्हॉल्व्ह बदलला, कूलरचा स्टँड भिंतीपासून लांब घेतला, जास्तीच्या पाण्याला पाईप लावून तो पेरूच्या झाडाला सोडला, विषय संपला.

वरच्या पट्ट्यानं जास्त डोकं खाल्लं. त्या जागेच्या आतल्या बाजूला बाथरूम आहे आणि टाकीचा पाईप भिंतीतूनच उतरतो, त्यामुळे प्लंबरचं म्हणणं पाईप लीक आहे, टाईल्स फोडाव्या लागतील. फोडण्याआधी म्हटलं बघू तर. रात्री सगळे नळ बंद केले, टाकीत येणारं पाणी बंद, टाकीतून घरात जाणारा कॉक मात्र चालू, आणि पाण्याच्या पातळीवर आतून खूण केली. सकाळी पाणी खुणेलाच. पाईप गळत असता तर पातळी उतरायला हवी होती. आणि तसंही पाईप बाराही महिने भरलेला असतो, मग पट्टा फक्त पावसाळ्यातच का दिसेल?

मग गच्ची. हे काम मुद्दाम एप्रिलमधे केलं कारण तेव्हा भिंत खडखडीत असते, जराशी ओल आली तरी काळी दिसते. यात खालून वर जायचं असतं, उलट केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काही समजत नाही. आधी पन्हाळीत कापड कोंबून गच्चीवर पाणी साठवलं, रात्रभर, बाहेर काही नाही. मग गच्ची आणि पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) सांध्यातल्या वाट्यावर, म्हणजे कोपऱ्यातल्या सिमेंटच्या गोलाईवर, पाणी सोडलं, तिथंही काही नाही. मग पॅरापेटच्या डोक्यावर, जिथं प्लास्टरला बारीक भेग होती तिथं, नळी अगदी बारीक धार करून ठेवली, भिंतीच्या बाहेरच्या अंगावर थेंब जाऊ दिला नाही. चहा घेऊन खाली आलो तर स्लॅबच्या रेषेत काळा पट्टा उमटायला लागला होता. पाणी भेगेतून पॅरापेटच्या विटांमधे शिरत होतं, खाली स्लॅबचं काँक्रीट आडवं आल्यावर बाहेरच्या दर्जांमधून निघत होतं. पॅरापेटच्या डोक्याला उतारच नव्हता, सपाट. बाथरूमच्या टाईल्स वाचल्या.

राहिला बुडाचा खार. इथं आधी विटांवरचा संशय काढायचा होता, कारण काही मातीतच क्षार असतात. बांधकामाच्या उरलेल्या विटा मागे पडल्या होत्या, त्यातली एक ताटलीत उभी ठेवली, साधारण इंचभर बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी ओतलं, पाणी पिऊन-वाळून झालं की पुन्हा तेवढंच. विटा तपासायची आयएस 3495 या भारतीय मानकातली जी पद्धत आहे तिचीच ही घरगुती आवृत्ती. त्यात वीट 10 टक्क्यांपर्यंत पांढरी झाली तर किरकोळ धरतात, 50 टक्क्यांपर्यंत मध्यम. नळाचं किंवा बोअरचं पाणी यात अजिबात चालत नाही, त्याचेच क्षार विटेवर दिसतील. आमच्या विटेला कोपऱ्यात जराशी झाक आली, बस. म्हणजे क्षार बाहेरून येत होते.

एका मित्रानं मॉइश्चर मीटर आणला होता, दोन पिना टोचायचा. खालच्या भागात तो मे महिन्यातही लाल रंगच दाखवत होता आणि सगळे घाबरले, पण तो वीज किती वाहते ते मोजतो आणि क्षारांमुळेही आकडा चढतो, त्यामुळे खार लागलेल्या भिंतीवर त्याचं फार ऐकू नये.

खरं उत्तर कुदळीनं दिलं. शेजारच्या प्लॉटवाल्यानं लेव्हल वाढवायला काळी माती आणि मुरूम आणून टाकला होता, तो सरळ आमच्या भिंतीला टेकवून. थोडं खणलं तर आमच्या प्लिंथवरचा (जोत्यावरचा) डीपीसीचा, म्हणजे ओल अडवणारा थर त्या भरावाच्या खाली गाडलेला सापडला. जमिनीचं पाणी अडवायला जो थर घातला त्याच्या वरूनच माती विटांना भिडली, मग थर असून नसल्यासारखा. आणि काळी माती पाणी धरून ठेवते ते वेगळंच. केमिकलची भोकं पाडली असती तरी मातीचं पाणी त्यांच्या वरून आलंच असतं.

शेजारी सुरतला असतो, फोनवर समजावून सांगितलं, भला माणूस आहे, हो म्हणाला. भिंतीलगत चर काढून माती डीपीसीच्या खाली सहा इंच उतरवली, बाहेरच्या बाजूला उतार देऊन फरशी टाकली. पॅरापेटच्या डोक्याला आतल्या बाजूला उतार केला. खार कोरड्या ब्रशनं झाडून सुपलीत भरून फेकला, धुतला नाही, धुतला तर परत विटेत जातो. भिंत वाळायला महिन्याला इंचभर असा ठोकताळा मिस्तरींनी सांगितला, नऊ इंचाला नऊ महिने, आपल्या उन्हात थोडं लवकर होत असेल.

नानांना आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत प्लास्टर उरकायचंय, मी म्हणतो एक पावसाळा जाऊ द्या, खडूच्या नव्या रेघा मारून ठेवल्यात, त्या ओलांडून डाग गेला नाही तर जुन्या दर्जा खरवडून परत भरू, प्लास्टर कशाला. मिस्तरी माझ्या बाजूनं आहेत, आई नानांच्या.