मोनोसाइट ६

मागच्या आठवड्यात आईचं सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, मीच लावलं. आई विडी घरकुलात राहते, उभा जन्म विड्या वळण्यात गेला. माल मोजून देण्याची सवय, त्यामुळं रिपोर्टवरही ओळीओळीवर बोट. ते थांबलं 'मोनोसाइट ६' वर.

"हे कोण रे? सहाच?"

लॅबमध्ये इतकी वर्षं काढली, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मोनोसाइट म्हणजे एका जातीची पांढरी पेशी. पांढऱ्या पेशींत तिचं प्रमाण दोन ते दहा टक्क्यांत असलं की सगळे पुढं सरकतात.

लीशमन स्टेन या रंगानं रंगवलेल्या रक्ताच्या काचेवर ही सगळ्यात दांडगी पेशी. राखी-निळसर अंग, घोड्याच्या नालेसारखं वाकलेलं केंद्रक. रक्तात एक ते तीन दिवस फिरते, मग ऊतीत शिरून बहुधा मॅक्रोफेज, म्हणजे मोठी गिळणारी पेशी, होते. मलेरियाच्या एका स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्तात, तिच्या पोटात काळपट-तपकिरी कण दिसले होते. परजीवीनं हिमोग्लोबिन पचवून टाकलेला कचरा, तो हिनं गिळलेला.

"गिळती व्हय! पण कुणाला गिळायचं ते तिला कळतं कसं?"

प्रश्न नेमका होता. शत्रूला आधी अँटिबॉडी चिकटते. तिचं शेपूट बाहेर राहतं. मोनोसाइटच्या अंगावर ते शेपूट धरणारे रिसेप्टर असतात. धरलं की जंतू सरळ पोटात, तिथं पाचकरसांत विरघळतो. कर्करोगाची पेशी तिच्याएवढीच मोठी, ती पोटात मावेलच असं नाही. मग ही तिला बिलगून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जहाल द्रव्यं सोडते, टीएनएफ नावाचं प्रथिनही सोडते. त्यानं समोरचीला आतूनच मरायचा हुकूम जातो. टी पेशी (याही पांढऱ्याच) गॅमा इंटरफेरॉन नावाचं इशाऱ्याचं प्रथिन सोडतात, त्यानं ही आणखी चवताळते. (हे सगळं आईला सांगितलं नाही. "चिकटून विष घालते" एवढंच.)

"आणि आपल्याच पेशीला ते शेपूट चिकटलं तर?"

चिकटतं की. मग प्लीहेतले मॅक्रोफेज तांबड्या पेशी खातात. आम्ही कूम्ब्स टेस्ट लावतो ती तांबड्या पेशींना अँटिबॉडी चिकटलीय का ते बघायलाच. कधी अख्खी पेशी न गिळता पडद्याचा नुसता लचका तोडतात. उरलेली पेशी आक्रसून गोळीसारखी होते, मधला फिकट भाग नाहीसा होतो. मोबाइलमध्ये फोटो होता, दाखवला.

आईनं चष्मा वर सरकवला. "ही तर बरी दिसती की. गोल गरगरीत."

"तीच खाल्लेली."

"अगं बाई," म्हणाली, आणि पुन्हा सूप मांडीवर ओढलं.