हिशोब नव्हे, अहवाल

बारावीच्या उपयोजित मराठीत मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख असे घटक आहेत. पोरं अहवाल लिहायला बसली की गाडी हमखास ‘मोठ्या उत्साहात संपन्न’वर येते. (गाईडांची कृपा!) आज म्हटलं, कल्पना दुधाळांची ‘रोज मातीत’ ही कविता शिकवून झालीय, त्यात कांदे लावणारी बाई आहेच, तर घरच्या लागवडीचा अहवाल लिहा.

एरवी गप्प बसणाऱ्या एका मुलीने काय लिहिलंय! वाफ्यात पाणी कधी सोडलं, रोपं किती बोटांवर लावली, बाया किती, त्यांची हजेरी (रोजची मजुरी) किती. विशेषण एकही नाही. शेजारचा म्हणाला, “सर, हिने तर हिशोब मांडलाय.” अरे, तेच तर हवं होतं!

तास संपल्यावर तीच विचारते, “मग हे सगळं कवितेत का नाही?”

उद्याचा तास त्यावरच.