छातीत दुखतंय आणि दारात आगीचा बंब

२०१६ चा नोव्हेंबर. सासू-सासरे कराडहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत आले होते. एका पहाटे आप्पा बाथरूमच्या दारातच खाली बसले. अंग घामाने चिंब, ओठ पांढरे. नवऱ्याने ९११ हा इथला आपत्कालीन क्रमांक फिरवला आणि पाचएक मिनिटांत दारात लाल दिवे फिरवत आगीचा बंब उभा राहिला. आई खिडकीतून बघून ओरडल्या, "अगं, आग कुठं लागलीय?"

बंबातून उतरलेल्यांपैकी एकाने गुडघे टेकून आप्पांच्या छातीला ईसीजीच्या तारा लावल्या. दुसऱ्याने हाताच्या शिरेत सुई सरकवली. मागोमाग अँब्युलन्स आली, तीही त्याच खात्याची. आप्पांच्या हृदयाचे ठोके फार मंदावले होते. त्यांना पेसमेकर बसला आणि ते वाचले. बिलाचं भिजत घोंगडं पुढे वर्षभर चाललं, पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. आप्पांचा हात धरून बसलेल्या त्या माणसाच्या अंगावर आग विझवायला जाण्याचा जाड कोट होता.

शिकागोच्या पश्चिमेकडच्या, नेपरव्हिलच्या आसपासच्या उपनगरांत आग विझवणारे आणि रुग्णाला सांभाळणारे लोक एकच असतात, हे मला तेव्हा कळलं. आपल्याकडे १०१ वेगळा, १०८ वेगळा. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली, मी लग्न होऊन इकडे आले त्याच वर्षी. इथे मात्र १९७० च्या सुमारास लॉस एंजेलिस, सिएटल, मायामी अशा शहरांनी अग्निशमन दलातल्याच लोकांना हृदयाचा झटका हाताळायला शिकवलं. केंद्रं वस्तीवस्तीत होतीच, माणसं चोवीस तास हजर होती, आणि हृदय थांबलेल्या माणसाकडे मोजकी मिनिटं असतात. आज अमेरिकेत फायर डिपार्टमेंटला येणाऱ्या कॉलपैकी साधारण दोन तृतीयांश वैद्यकीय असतात. आगीचे शंभरात चार-पाच.

मी बीएस्सी झालेली, कॉलेजात खो-खो खेळलेली, पाच फूट तीन इंच उंचीची बाई. मला हे काम करायचंय असं घरी सांगितलं तेव्हा नवरा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने कम्युनिटी कॉलेजच्या ईएमटी वर्गाची फी भरली.

ईएमटी, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, ही रुग्णाला तातडीने सांभाळण्याच्या कामाची पहिली पायरी. एका सत्राचा अभ्यासक्रम, मग राष्ट्रीय नोंदणीची परीक्षा. ती संगणकावर असते आणि तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न बदलते. किमान ७०, कमाल १२० प्रश्न, आणि मध्येच कधीतरी पडदा आपोआप बंद होतो. पास की नापास ते लगेच कळत नाही. माझा पडदा लवकर बंद झाला आणि रात्रभर झोप लागली नाही. पास होते.

मग एका खाजगी अँब्युलन्स कंपनीत नोकरी. डायलिसिसच्या रुग्णांना नेणं-आणणं, नर्सिंग होममधून, म्हणजे इथल्या आजारी वृद्धांच्या निवासातून, हॉस्पिटलात पोचवणं. पगार कमी, गाड्या जुन्या, एकदा तर हायवेवर स्ट्रेचरचं चाकच निखळलं होतं. तरी ज्यांना या क्षेत्रात यायचंय त्यांना मी सांगेन की हे वर्ष टाळू नका. आजारी माणसाला बिछान्यावरून न दुखवता कसं उचलायचं, हे मला त्या डायलिसिसच्या आज्यांनी शिकवलं.

पॅरामेडिक म्हणजे ईएमटीच्या वरची पायरी. तिचा अभ्यास ऑगस्ट २०१८ ला सुरू झाला आणि साधारण वर्षभर चालला. वर्ग, हॉस्पिटल, आणि मग अँब्युलन्सवर प्रत्यक्ष काम. पहिल्याच आठवड्यात सरांनी पिट्सबर्गच्या फ्रीडम हाऊसची गोष्ट सांगितली. १९६७ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या, नोकरी नसलेल्या तरुणांना घेऊन ती अँब्युलन्स सेवा उभी राहिली आणि ते लोक या देशातल्या पहिल्या पॅरामेडिकांत गणले जातात. "तुमच्यासारख्यांचं हे काम नाही," असं त्यांनाही कितीदा ऐकवलं गेलं असेल, असं मला वाटून गेलं.

औषधं पाठ झाली. हृदय थांबलं असेल तर एपिनेफ्रिन १ मिलिग्रॅम, दर तीन ते पाच मिनिटांनी. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू शकेन. अडले ते रेडिओवर. इलिनॉय या आमच्या राज्यात पॅरामेडिकला रस्त्यावरून हॉस्पिटलशी बोलून रुग्णाची माहिती द्यावी लागते. पलीकडे एक खास प्रशिक्षित नर्स असते. मी बोलायचे आणि तिकडून यायचं, "परत सांगा." पुन्हा बोलायचे, पुन्हा "परत सांगा." खोट माझ्या 'व' मध्ये होती. आपल्या मराठी तोंडात इंग्रजीतले दोन वेगळे 'व' एकच होतात. 'व्ही-फिब' हा शब्द माझ्या तोंडून निघायचा तो पलीकडच्या कानाला वेगळाच ऐकू जायचा. व्ही-फिब म्हणजे हृदय धडधडण्याऐवजी नुसतं थरथरतं, शॉक द्यावा लागतो. तो शब्द नीट पोचला नाही तर पलीकडचं माणूस तयारी कशाची करणार? मी रोज गाडी चालवताना खालचा ओठ वरच्या दातांना लावून म्हणायचे: व्हेन, व्हॉल्व्ह, व्हेंटिलेटर, व्हॉमिट. तीन महिने.

आता फायरफायटरच्या नोकरीसाठीची शारीरिक चाचणी. तिचं नाव सीपॅट. आठ कामं, एकामागून एक, १० मिनिटं २० सेकंदांत. अंगात ५० पौंडांचं जाकीट, म्हणजे पावणेतेवीस किलो, आणि पहिल्या जिन्यासाठी खांद्यांवर आणखी २५ पौंड. तो जिना यंत्राचा, मिनिटाला ६० पायऱ्या, तीन मिनिटं, कठड्याला न धरता. त्यानंतर पाण्याचा होज ओढणं, करवती उचलून नेणं, शिडी उभी करणं, घण मारणं, अंधाऱ्या बोगद्यातून रांगणं, १६५ पौंडांचा पुतळा फरपटत नेणं, आणि शेवटी लांब दांड्याने छत वर ढकलणं नि खाली ओढणं. तीनदा वर, पाचदा खाली, असे चार फेरे. पहिल्या वेळी मी त्या छतापर्यंत पोचले आणि तिसऱ्या फेऱ्यात वेळ संपला. हात वर उचलतच नव्हते.

२०१९ च्या त्या उन्हाळ्यात आप्पा पुन्हा आले होते. आयुष्यभर एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते ते. मी नापास होऊन आले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "कुठं कमी पडली?" मी सांगितलं, खांदे. दुसऱ्या दिवसापासून गॅरेजमध्ये त्यांनी कप्पी आणि दोर लावून छतासारखं ओझं तयार केलं. एका टोकाला बासमतीची वीस पौंडांची पिशवी, मग दोन, मग तीन. संध्याकाळी मी मॉलच्या बहुमजली पार्किंगच्या जिन्यात पाठीवर तांदूळ घेऊन चढायचे आणि आप्पा खाली बाकड्यावर मोबाईलमधलं घड्याळ लावून बसायचे. छातीत पेसमेकर असलेला माणूस सुनेला म्हणायचा, "अजून एक, पोरी." दुसऱ्या चाचणीत ९ मिनिटं ४८ सेकंद. फोन केला तर ते पलीकडे बोलेचनात. नंतर आईंनी सांगितलं, रडत होते.

उरलेले टप्पे भराभर सांगते. शंभर फुटी शिडी चढण्याचं प्रमाणपत्र, लेखी परीक्षा, कमिशनरांसमोर मुलाखत, सत्यशोधन यंत्र, मानसशास्त्रज्ञ, वैद्यकीय तपासणी. नंतर तुमचा क्रमांक यादीत लागतो आणि ती यादी दोन वर्षं चालते. लष्करात असलेल्यांना, पॅरामेडिकचा परवाना असलेल्यांना वाढीव गुण मिळतात. ज्यांना इलिनॉयमध्ये प्रयत्न करायचाय त्यांनी वयाकडे लक्ष ठेवावं. काही अपवाद सोडले तर पस्तिशीच्या आत अर्ज करावा लागतो. माझा क्रमांक मधेच कुठेतरी लागला, आणि मग कोविड आला. सगळं २०२० साल मी अँब्युलन्सवर काढलं. नर्सिंग होमच्या दारातून नेलेली कित्येक माणसं परत आणायला आम्हाला कुणी बोलावलंच नाही. त्याबद्दल मला अजून लिहिता येत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये बोलावणं आलं. अकादमी ऐन थंडीत. पाण्याचा फवारा कोटावर गोठून कोट उभाच्या उभा राहायचा. नाकातली चमकी आणि मंगळसूत्र घरी काढून ठेवलं, ते आजही शिफ्टच्या दिवशी घरीच असतं. डोळ्यांपुढे काळोख करून, हाताने भिंत चाचपत खोली शोधायची. पाठीवरचा हवेचा सिलेंडर कागदावर ४५ मिनिटांचा, पण ओझं वाहत काम करताना पुरतो त्याच्या निम्मा. एक तृतीयांश उरला की मास्क थरथरतो, म्हणजे बाहेर पडायची वेळ. तीस सेकंद हालचाल झाली नाही तर अंगावरचं यंत्र किंचाळू लागतं, कारण न हलणारा फायरफायटर म्हणजे पडलेला फायरफायटर.

आग विझल्यावर अंगावरची काजळी तिथल्या तिथे धुवायची, हे आमच्या कॅप्टनने पहिल्या दिवसापासून डोक्यात भरवलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने फायरफायटरचं काम कर्करोगाला निश्चित कारणीभूत गटात घातलं. मी गिअर, म्हणजे आगीत घालायचे कोट-बूट, घरी आणत नाही.

आमच्या तीन शिफ्ट आहेत: ब्लॅक, रेड, गोल्ड. सकाळी सातपासून चोवीस तास कामावर, मग अठ्ठेचाळीस तास घरी. एका दिवशी मी बंबावर, पुढच्या शिफ्टला अँब्युलन्सवर. पहिलं वर्ष उमेदवारीचं. सर्वांच्या आधी उठायचं, भांडी घासायची, फोन पहिल्या रिंगला उचलायचा. मी कांदा-लसूण मसाल्यातला कोंबडीचा रस्सा केला आणि ताटं वाढताच घंटी वाजली. दोन तासांनी परत येऊन सगळ्यांनी गार रस्सा खाल्ला, पातेलं पुसून. चौदा एप्रिलला मी त्यांना १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाची आणि त्यात गेलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांची हकिगत सांगितली. टेबलावर कुणी बोललं नाही. दरवर्षी त्या दिवशी आता कॅप्टनच मला आठवण करतो.

एक कॉल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. रात्रीची वेळ, छातीत दुखतंय. आम्ही चौघं बुटांसकट आत शिरलो. बूट काढता येत नाहीत, नियम आहे, आणि देवघरासमोरून जाताना माझा जीव दर वेळी कसनुसा होतो. मुलगा इंग्रजीत सांगत होता, "बाबांना ॲसिडिटी आहे, जेवण जड झालं." सोफ्यावर आजोबा, शेजारी ओव्याची डबी. मी खाली बसून मराठीत विचारलं, "आजोबा, नेमकं काय होतंय?" ते चमकले. मग म्हणाले, "छातीवर कुणीतरी बसलंय गं. आणि हा हात भरून आलाय." मुलाला ते असं कधी म्हणालेच नव्हते. पोराची उद्या ऑफिसची मीटिंग आहे, उगाच खर्च नको, म्हणून गॅस म्हणाले होते.

बारा लीडचा ईसीजी काढला. कागदावर झटका स्पष्ट दिसत होता. ॲस्पिरिनच्या ८१ मिलिग्रॅमच्या चार गोळ्या चावायला दिल्या आणि ईसीजी तिथूनच हॉस्पिटलला पाठवला. आम्ही रुग्णाजवळ पोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत अडलेली रक्तवाहिनी उघडायची, हे ध्येय असतं. आजी दारात उभ्या राहून विचारत होत्या, "बाळा, किती डॉलर होतील?" मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "आजी, बिल येईल. ते हप्त्याने भरता येतं."

ज्यांचे आईवडील इकडे येतात त्या प्रत्येक मराठी घराला मला हे सांगायचंय. छातीत दुखत असेल तर स्वतः गाडी चालवून नेऊ नका, ९११ करा. उपचार तुमच्या दिवाणखान्यातच सुरू होतात. औषधांची यादी मूळ औषधाच्या नावाने, इंग्रजी अक्षरांत फ्रीजवर लावा. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन हे मला कळतं, अँब्युलन्सवरच्या माझ्या जोडीदाराला कळणार नाही. पॅरासिटामॉलला इथे ॲसिटामिनोफेन म्हणतात, अस्थालिनमधल्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. बाहेरचा दिवा लावा, दार उघडं ठेवा. आणि आईवडिलांना आधीच सांगून ठेवा, की गॅस म्हणू नका, जे होतंय ते म्हणा.

त्या रात्री रेडिओवर मी सगळं एका दमात सांगितलं. वय, ठोके, रक्तदाब, ईसीजी, दिलेली औषधं. वाटेत मॉनिटरवर ठोके एकदा बिघडून फार वेगाने पळाले, तेही सांगितलं, "व्ही-टॅक, सहा ठोके, आपोआप थांबलं." पलीकडची नर्स म्हणाली, "मिळालं. खोली तयार आहे."

आजोबांना आत सोपवलं. बाहेर येऊन स्ट्रेचर पुसला, ईसीजीचा नवा कागद भरला, ॲस्पिरिनची बाटली बदलली. पहाटेचे पावणेचार. मी माईक उचलला आणि गाडी पुढच्या कॉलला मोकळी आहे असं कळवलं.