दादा हार्ट अटॅकने गेला, आणि तुम्ही विचारलंत म्हणून: त्याला काही व्यसन होतं का?

हो, होतं. वागळे इस्टेटला ऑफिसखालच्या टपरीवर जेवण झालं की एक सिगरेट ओढायचा, वहिनीला माहीत होतं, आईला नव्हतं. झालं समाधान?

आवाज बारीक करून "तसं काही होतं का गं त्याला?" हे मला बारशात विचारलंय, लिफ्टमध्ये विचारलंय, एकदा तर तलावपाळीला पाणीपुरी खाताना. आधी मी ठणकावून नाही म्हणायचे, वर सर्टिफिकेट द्यायचे, दर रविवारी येऊरला पळायला जायचा, दारूला हात लावत नव्हता वगैरे. आता वाटतं, का द्यायचं? दिवसाला पाकीट ओढत असता तर ३८ व्या वर्षी गेलेला चालला असता का?

त्या रात्रीचं एकदा लिहूनच टाकते. दोनच्या सुमारास जबडा दुखतोय म्हणून उठला, मग दरदरून घाम. ॲसिडिटी असेल म्हणत गोळी घेतली, पण वहिनीने ऐकलं नाही, मला वरून बोलावलं आणि आम्ही त्याला कळव्यातच एका छोट्या दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. गॅस आहे म्हणाले, इंजेक्शन दिलं, घरी जा. पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, थोड्या वेळाने परत काढायचा असतो, ट्रोपोनिन म्हणून रक्ताची टेस्ट असते तीही काही तासांनी परत करतात, हे सगळं मला नंतर कळलं, तेव्हा आम्ही तिघं सुटलो एकदाचे म्हणून रिक्षात हसत होतो. सकाळी तो पोरीला सोडायला खाली उतरला. स्कूल व्हॅन वळेना, तर खालून मला ओरडला, "स्कूटर काढ गं तुझी, आडवी लावलीयेस." मी चावी शोधून खाली येईपर्यंत तो वॉचमनच्या खुर्चीत बसलेला, मान एका बाजूला, पोरीचा डबा मांडीवर. व्हॅनमधली पोरं काचेतून बघत होती. १०८ ला फोन केला. पुढचं तुम्हाला माहितीये.

आमचे बाबा ४४ व्या वर्षी असेच गेले, ते मात्र कुणी विचारत नाही. दादाचं कोलेस्टेरॉल कंपनीच्या चेकअपमध्ये भरपूर वाढलेलं आलं होतं, पण एवढा काटकुळा माणूस, घरात त्यावर जोक झाले. डॉक्टर म्हणाले घराण्यातलं असू शकतं, फॅमिलीअल हायपरकोलेस्टेरोलेमिया. आईबापांपैकी एकाला असलं तरी प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी, मग तुम्ही बारीक असा नाहीतर जाड. माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २१० निघालं, गोळी चालू आहे. दादाला तेच होतं हे काही सिद्ध झालेलं नाही. सिगरेटनेही भर घातली असेल, नाही कशाला म्हणू, पण मग तुम्ही नुसतं तेवढंच घेऊन घरी जाता.

भाची आता सात वर्षांची आहे. तिची टेस्ट करून घेऊ म्हणून मी मागे लागलेय, लहानपणीच कळलं तर उपाय करता येतात. वहिनी म्हणते परीक्षा होऊ दे, मग म्हणते दिवाळी होऊ दे. तिचं मला कळतं, पटत नाही. कालही यावरून आमचं वाजलं.