दोन नंबरचा टॅपेट

जूनचा पहिला आठवडा. पंधरा तारखेला शाळा सुरू होणार होत्या आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ओम्नी गचके खात आली. आत बसलेल्या माणसाचा चेहरा बघूनच कळलं, गाडी नुसती बिघडलेली नाही, माणूसही टेकीला आलाय.

"मिस्त्री, बघा की जरा. कॅम नवीन घातला आणि गाडी पार बसलीच."

शाळेची मुलं ने-आण करणारी व्हॅन. जुनं कार्बोरेटरवालं 796 सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन. एप्रिलमध्ये हेडमधून खटखट यायला लागली, ती घेऊन तो एका गॅरेजात गेला. वरच्या भागात काळा गाळ साचून तेल पोचत नव्हतं आणि कॅमचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे, उंचवटे झिजून सपाट झाले होते. कॅम बदलण्याचा निर्णय बरोबरच होता. पण बदलल्यापासून स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, गाडी थरथरायची, चढाला ओढायची नाही आणि मधूनच कार्बोरेटरमध्ये फट्‌ असा आवाज व्हायचा. मग कार्बोरेटरचं किट झालं, प्लग झाले, वायरी झाल्या, कॉइल झाली. एकेक करत साडेसहा हजार गेले आणि फरक काडीचा पडला नाही. मला याचा मनापासून त्रास होतो. माप न घेता सुटे भाग बदलत जायचं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशानं अंदाज बांधायचा.

इंजिनावरचं सीट उचललं आणि पहिली नजर प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर गेली. तो फिरवून खाचेच्या पार टोकाला नेऊन आवळला होता. ही खूण मोठी असते. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमवरच चालतो. कॅम मागे पडला की ठिणगीही मागे पडते. मग कुणीतरी डिस्ट्रिब्युटर पुढे ओढून ठिणगी जागेवर आणतो, गाडी चालू राहते, पण व्हॉल्व्ह मागचे मागेच राहतात.

इंजिनाची हवेची ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजणारा व्हॅक्यूम गेज लावला. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन स्लोला 18 ते 21 इंच दाखवतं आणि दर हजार फूट उंचीला साधारण इंचभर कमी होतं. आमचं कोल्हापूर आहे अठराशे फुटांच्या आसपास, म्हणजे इथं 17-18 ला मी समाधानी असतो. काटा बाराला होता. बरं, नुसता खाली नव्हता. ठरावीक वेळानं टिचकी मारल्यासारखा खाली जाऊन परत येत होता. मी बराच वेळ त्या काट्याकडे बघत बसलो. तो एकाच वेळी दोन गोष्टी सांगत होता. काटा कायम खाली असणं म्हणजे सगळ्या इंजिनाचं टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ, मागे, आणि नेमानं बसणारी टिचकी म्हणजे एकच सिलेंडर गळतोय.

एकेक प्लगची वायर काढून बघितली. एक आणि तीनला इंजिनाचा वेग पडायचा, दोनची काढली तरी ढिम्म. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, घेतलं: एकला साडेनऊ किलो, दोनला सात, तीनला साडेनऊ. एक आणि तीन सारखे, पण दोघंही हवे त्यापेक्षा कमीच. तोवर अंधार पडला होता. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट ठरवणारे स्क्रू, मी थंड इंजिनावरच बघतो, म्हणून गाडी रात्रभर ठेवून घेतली.

सकाळी हेडचं झाकण काढलं. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरवून दोन नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणला. इनटेकला, म्हणजे आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला, फट मोजायची 0.15 मिलिमीटरची पात घालायला गेलो तर शिरेचना. मग हातातली सगळ्यात पातळ पात घेतली, तीही नाही. फटच नव्हती. व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता, म्हणून भरलेला वायू उलटा कार्बोरेटरकडे जात होता आणि तोच फट्‌ करून पेटत होता.

पण मला त्याहून बोलकं काही दिसलं असेल तर टॅपेटच्या स्क्रूवरचे नट. सहाही नटांवर जुन्या तेलाचा तपकिरी थर तसाच होता, कडेला पान्याची एक चकाकी नाही. कॅमचा रेटा व्हॉल्व्हला पोचवणारे रॉकर काढले, कॅम घातला, रॉकर परत बसवले, पण स्क्रूला कुणी हातच लावला नव्हता. नवीन कॅमची मापं जुन्याशी केसाकेसानं जुळतीलच असं नसतं, त्यामुळे जुन्या कॅमवर बसवलेली फट नव्यावर टिकत नाही. आणि स्क्रू सोडलेच नसतील तर क्रँकवरून कॅम फिरवणारा पट्टा कसा बसवला असेल तेही मला तिथंच कळून चुकलं.

मी ड्रायव्हरकडून त्या गॅरेजातल्या पोराचा नंबर घेतला आणि बोलावलं. पंचविशीचा असेल. येतानाच तोंड उतरलेलं. "काका, खुणा जुळवल्या होत्या मी. आईशपथ."

"जुळवल्या असशील. ये, बघू."

खालून टायमिंगचं झाकण काढलं. क्रँकची खूण जागेवर आणली. वर कॅमच्या पुलीची खूण एक दाता मागे. पोरगं बघतच राहिलं. तो खोटं बोलत नव्हता. पट्टा घालताना खुणा समोरासमोरच असणार. पण टॅपेट आवळलेले असले की स्प्रिंग रॉकरमधून कॅमला ढकलत असतात, कॅम मोकळा फिरत नाही, आणि पट्ट्याचा ढिलेपणा त्याला ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या बाजूला न येता भलत्याच बाजूला दडून बसतो. टेन्शनर आवळला की पट्टा ताठ वाटतो. इंजिन फिरलं की दडलेला ढिलेपणा बाहेर येतो आणि दाता चुकतो. म्हणून आधी सगळे स्क्रू पूर्ण ढिले करायचे, कॅम बोटानं फिरेल इतका मोकळा करायचा, पट्टा घालायचा, क्रँक सरळ दिशेनं दोन पूर्ण फेरे फिरवायचा, मग टेन्शनर आवळायचा आणि खुणा पुन्हा बघायच्या. एकच पायरी सुटली आणि तिनं दोन बिघाड केले: दाताही चुकला, दोन नंबरही दाबला गेला.

हे सगळं मी त्याला तोंडानं कमी सांगितलं. स्क्रू सोडल्यावर त्याचा हात पुलीवर ठेवायला लावला. "आता फिरव." पुली लोण्यासारखी फिरली. तो काही बोलला नाही, पण कळलं होतं त्याला.

पट्टा त्यानंच बसवला. टॅपेटही त्यालाच करायला दिले, मी फक्त पात ओढून बघत होतो. पात सरकली पाहिजे पण किंचित धरली पाहिजे, ही जाणीव बोटातच यावी लागते. पहिल्या दोन वेळा त्यानं नट आवळताना स्क्रूही फिरू दिला आणि फट बदलली. तिसऱ्यांदा जमलं. मधल्या वेळात मी नव्या कॅमचे उंचवटे बॅटरी लावून तपासले. इतके दिवस वाईट स्लोवर चालूनही ओरखडा नव्हता, तेव्हा जीव भांड्यात पडला. गाळ साफ केला, तेल आणि फिल्टर बदलले.

सुरू करण्याआधी डिस्ट्रिब्युटर अंदाजानं मागे घेतला. तो होता तिथंच ठेवला असता तर ठिणगी फार आधी पडून इंजिन ठोकलं असतं. मग टायमिंग लाइट लावून नेमका बसवला. गेजचा काटा साडेसतराला जाऊन थांबला, हलेना. कॉम्प्रेशन तिन्हीला साडेअकराच्या आसपास.

ड्रायव्हरला शेजारी बसवून वाघबीळचा चढ चढवून आणली. वर पोचेपर्यंत तो गप्प होता. वर गेल्यावर म्हणाला, "तिसऱ्यावरच आली की ओ." पोरगं मागच्या सीटवर होतं, शाळेची मुलं बसतात तिथं. त्यानं खिशातून दोन हजार काढून ड्रायव्हरसमोर धरले. ड्रायव्हर घेईना. "कॅम तर तूच बसवलास की." शेवटी माझ्या तेल-फिल्टरचं बिल त्या पोरानं दिलं, तेव्हा कुठं दोघं सुटले.

हजार किलोमीटरनंतर टॅपेट पुन्हा बघायला बोलावलं होतं. जुलैच्या पावसात गाडी आली, तो पोरगाही आपली पात घेऊन आला. दोन नंबरचा इनटेक त्यानंच मोजला. फट तशीच होती.